आबांच्या डोक्यावरची रांग

तलवाडा हे गाव वाईट नाही. चांगलं मोठं गाव आहे, देवीचं ठाणं आहे, बाजार भरतो, माणसं बोलायला बरी आहेत. पण नांदूरघाटच्या हायस्कुलात कुणी नुसतं 'तलवाडा' म्हटलं तरी मास्तरांच्या हातातला खडू खाली पडायचा. कारण संस्था एक आणि शाळा दोन. एक इथे, केज तालुक्यात, आणि दुसरी तिकडे गेवराई तालुक्यात, तलवाड्याला. संस्थेचे अध्यक्ष गहिनीनाथ आबा एखाद्यावर नाराज झाले की तो माणूस पुढच्या सोमवारी एसट्या बदलत तलवाड्याला रुजू व्हायचा. संगीताचे सर गेले, कारण स्वागतगीतात आबांच्या आधी त्यांच्या चुलतभावाचं नाव आलं. खेळाचे सर का गेले हे त्यांना अजून कळलेलं नाही. ते तिकडे विचार करत असतात.

चित्रकलेचे अजिनाथ सर मात्र आजवर टिकून होते. त्यांची बायको मनिषा गावातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. सरांची बदली झाली तर तिला सोबत नेता आलं नसतं, कारण तिची बदली सरकारच्या हातात, आणि सरकार आबांचं ऐकत नव्हतं. आणि मनिषाशिवाय सरांना एक दिवसही करमत नव्हतं. शाळेतला चहा ते घोटभर पिऊन ठेवून देत आणि 'घरचा पाहिजे' असं चारचौघांत कबूल करत. स्टाफरूममध्ये यावरून त्यांची थट्टा व्हायची. होईना का! माणसाला बायको आवडते हा काही गुन्हा नाही, आणि असलाच तरी त्याला तलवाड्याची शिक्षा फार झाली.

अशा माणसाकडे आबांच्या एकसष्टीचं काम आलं.

काम म्हटलं तर छोटं. शाळेच्या मैदानावर स्टेज, स्टेजमागे बीडहून मागवलेली भलीमोठी एलईडी स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर संध्याकाळभर एकच चित्र. मधोमध, निळ्या आभाळापुढे, हात जोडलेले आबा. त्यांच्या डोक्यावर पक्षाच्या नेत्यांचे गोल फोटो, एका रांगेत. पायाशी शुभेच्छुकांचे फोटो, नावांसकट. असलं चित्र आपल्याकडे पोरंसोरंही काढतात असं कुणाला वाटेल, पण ते खरं नाही. वरच्या रांगेत कोण कुणाच्या डावीकडे, कुणाचा गोल किती मोठा, यावरून आपल्या जिल्ह्यात भाऊ भावाशी बोलायचा बंद झालेला आहे.

"आबांनी स्वतः तुमचं नाव घेतलं," मुख्याध्यापक म्हणाले.

"चांगल्या अर्थानं का?" सरांनी विचारलं.

"ते कार्यक्रमानंतर कळंल."

पंचाईत अशी की शाळेच्या जुन्या लॅपटॉपने तेव्हाच डोळे मिटले होते. नवा घ्यायला हवा होता, आणि तो घ्यायचा तर शाळेचे भाऊसाहेब, म्हणजे क्लार्क, यांच्या टेबलावरून जायला हवं होतं. मंजुरीच्या कागदावर जुन्याच लॅपटॉपचं वर्णन होतं: स्क्रीन आडवी सोळा तर उभी नऊ, आकार पंधरा पॉइंट सहा इंच. केजचा दुकानदार पप्पू नवा लॅपटॉप घेऊन आला, तो दिसायलाच वेगळा. बसका, उभट, पाटावर ठेवला तर पाटाला शोभेल असा.

"सर, जुने लांबट आता कमी यायलेत," पप्पू म्हणाला. "पिच्चर बघायला लांबट बरा होता. आता लोकं काम करायलेत, म्हणून कंपन्या उंची वाढवायल्यात. ह्यो आडवा तीन तर उभा दोन. अन डिस्प्ले असला हाय की काळं म्हंजे अमावस्या."

भाऊसाहेबांनी ड्रॉवरमधून लाकडी फूटपट्टी काढली आणि स्क्रीन आडवी मोजली. भरली नाही. मग त्यांना शंका आली म्हणून त्यांनी पप्पूनेच विकलेला, आता मेलेला जुना लॅपटॉप मागवला आणि तोही आडवा मोजला. तोही पंधरा पॉइंट सहा भरेना.

"म्हंजे तवापास्नं फसवायलास आमाला?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले आणि त्यांनी पप्पूला खुलासा लिहून मागितला.

स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात, हे पप्पूने सांगून पाहिलं. भाऊसाहेबांनी जमीन, कापड आणि खिडक्या मोजल्या होत्या, आयुष्यात तिरकं काही मोजलं नव्हतं. शेवटी गणिताच्या सरांना नववीच्या वर्गातून बोलावून आणलं. त्यांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, कर्ण दाखवला, आणि 'तिरके मोजमाप शास्त्रशुद्ध आहे' असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. तेव्हा कुठे लॅपटॉप शाळेच्या नोंदीत चढला. नववीचा तो तास बुडाला, पण कर्ण कशासाठी शिकायचा असतो हे त्या वर्गाला कायमचं कळलं.

लॅपटॉप घरी आला तेव्हा सुभद्राबाईंनी, म्हणजे सरांच्या आईने, तो उंबऱ्यातच अडवला. नवी वस्तू घरात येते तर पूजा नको? सर बाहेर चप्पल काढेपर्यंत त्यांनी झाकण उघडून हळदीकुंकवाची पाचही बोटं स्क्रीनवर ओढली होती. सरांनी पाहिलं आणि मनिषाला हाक मारली. मनिषाने कापूस आणून दवाखान्यातल्या हलक्या हाताने कुंकू टिपून काढलं, पण उजव्या कोपऱ्यात गुलाबी झाक राहिली ती राहिलीच.

"राहू द्या. शुभ असतंय," सुभद्राबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारचे रामप्रसाद आले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि वीज ज्यात आहे त्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचा हक्क ते सोबत घेऊन निवृत्त झाले होते. त्यांनी लॅपटॉप चहूबाजूंनी पाहिला.

"लांबी कमी करून उंची वाढवलीय सर. तुमाला वाटतंय वाढवलंय, पण ह्यात काच वाचती कंपनीची."

"तसं नसतंय रामप्रसादजी. पान जास्त दिसतं एका नजरेत."

"जास्त दिसलं की डोळं जास्त खराब व्हतेत," रामप्रसाद म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून जास्त बघू लागले.

खरं सांगायचं तर ती स्क्रीन पाहून सर हरखून गेले होते. चित्रकलेच्या माणसाला जन्मभर फिकट रंग पाहायची सवय. इथे हिरवा म्हणजे पाऊस लागलेली बाजरी. पहिला फोटो त्यांनी स्वतःच्या लग्नाचा लावला. मनिषाच्या शालूचे जरीचे ठिपके मोजता येत होते. आणि मागे, मांडवाच्या कोपऱ्यात, इतकी वर्षं नुसता एक डाग वाटत होता तो डाग म्हणजे अक्षता पडायच्या आधीच जिलेबी खात असलेले रामप्रसाद निघाले.

"ते मी न्हाई," रामप्रसाद म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

आता स्क्रीनच्या या चांगुलपणानेच घात केला, तो असा. स्क्रीन इतकी स्पष्ट की नेत्यांचे फोटो कितीही लहान केले तरी मिशीचा केस न् केस दिसायचा. आणि खालून शुभेच्छुक तर रोज वाढत होते. आज चार, उद्या आणखी सहा. प्रत्येकाला आबांच्या पायाशी जागा हवी होती, आणि रामप्रसादांना तर मधली. मग सर काय करणार? खालची रांग दुहेरी झाली, आबा जरा वर सरकले, आणि वरचे नेते लहान होत होत अगदी वरच्या कडेला जाऊन बसले. उभट स्क्रीनमुळे वर जागा होती. जिल्हाध्यक्ष साहेबांचा गोल पेढ्याएवढा झाला होता, पण पेढ्यातही साहेबांचा चष्मा चकाकत होता.

"लई भारी," मनिषा म्हणाली. "आता तुमाला कोण तलवाड्याला धाडतंय बघू!"

सरांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की ते दुसरा चहा घेऊन झोपले.

एकसष्टीच्या दिवशी दुपारीच मैदान भरत आलं. एलईडीवाला सटवा याने सरांचं चित्र स्क्रीनवर लावलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उभे आहेत.

"सर, तुमचं चित्र उभट हाय अन माझी भिंत लांबट हाय," सटवा म्हणाला. "भिंत सोळा-नऊची. चित्र मधी बसतंय, बाजूला काळं राहतंय."

"अबे, काळं?" रामप्रसाद ओरडले. "वाढदिवसाला दोन्हीकून काळं? इरोधक काळे झेंडे घिऊन येत न्हाईत म्हणून आपणच लावायचे का?"

हे सगळ्यांना पटलं. सटव्याने एक बटण दाबलं आणि चित्र दोन्हीकडे ताणून भिंतभर केलं. काळं गेलं, पण आबा पसरले. मुळातच आबा काही बारीक नव्हते. आता त्यांचे जोडलेले हात दोन पिशव्यांसारखे दिसू लागले. नेमक्या त्याच वेळी आबांच्या पत्नी विजयमाला काकू मैदानात शिरल्या. त्या स्क्रीनसमोर थांबल्या.

"अजिनाथ सर," त्या म्हणाल्या, "ह्यांनी सहा महिने भात सोडलाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय. अन तुमी ह्ये दाखवायलात?"

ताणणं रद्द झालं. राहिला तिसरा उपाय. चित्राचं तोंड न बिघडवता ते भिंतभर मोठं करायचं, आणि वरखाली जे बाहेर जाईल ते जाऊ द्यायचं. सटव्याने तसं केलं. आबा एकदम झकास दिसू लागले, पण खालच्या शुभेच्छुकांची नावं कापली गेली आणि वरच्या नेत्यांची नुसत्या हनुवट्यांची रांग उरली.

"नाव न्हाई तर फोटो कशाला?" रामप्रसाद म्हणाले. त्यांच्यामागे बाकीचे शुभेच्छुकही गोळा झाले होते. ते सगळे हजर होते, हातात हार होते, आणि काहींच्या हाताच्या मुठी झाल्या होत्या. वरच्या रांगेतलं मात्र अजून कुणीच आलं नव्हतं. सटवा हा व्यवहारी माणूस. त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि चित्र वर सरकवलं. खालची नावं आली. वरच्या हनुवट्या गेल्या.

"अरे, वरची रांग!" अजिनाथ सरांचा आवाज चिरकला.

"सर, तुमीच सांगा," सटवा म्हणाला. "साहेबांची अर्धी हनुवटी दाखवू, का साहेब अजिबातच नको?"

असा प्रश्न कुठल्याही बी.एड.मध्ये विचारत नाहीत. सरांनी विचार केला. अर्धा साहेब हा अपमान होता. अजिबात नसलेला साहेब हा फार तर विसर होता. चित्र लांबट करून नव्याने मांडायचं म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला, तोच फटाके लागले, हलगी कडाडली आणि आबा वेळेच्या आधीच मैदानात आले. आजवरच्या कुठल्याही कार्यक्रमाला आबा वेळेवरसुद्धा आलेले नव्हते.

"कार्यक्रम चालू झाल्यावर भिंतीला मी हात लावत न्हाई," सटवा म्हणाला. "बंद पडली की पडली."

लोकांनी फोटो काढले आणि स्टेटसला लावले. विसर वगैरे शब्द कुणाच्या डोक्यातही आला नाही. आबांच्या डोक्यावर एकही नेता नाही, नुसतं निळं आभाळ! ज्याला ज्याला राजकारण कळत होतं, म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येकाला, त्याचा अर्थ कळला. आबांनी पक्ष सोडला. विजयमाला काकूंना झेडपीचं तिकीट नाकारणार अशी कुजबुज महिनाभर होतीच. हे त्याचं उत्तर होतं. कुठल्या पक्षात चालले यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडले.

जिल्हाध्यक्ष साहेब प्रमुख पाहुणे म्हणून निघाले होते. मांजरसुंब्याला चहाला थांबले तिथे त्यांच्या फोनवर तो फोटो आला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा करून पाहिला, आणि चहा तसाच ठेवला. त्यांनी आबांना फोन लावला. आबांनी उचलला नाही. परत लावला. नाही.

आबा फोन उचलणार कसे? ते तराजूत बसले होते. गावाने त्यांची वहीतुला ठेवली होती. एका पारड्यात आबा, दुसऱ्यात पोरांना वाटायच्या वह्या. भात सोडल्याच्या भरवशावर वह्या आणल्या होत्या आणि त्या कमी पडल्या होत्या. नव्या वह्या येईपर्यंत आबांना पारड्यातून उतरता येत नव्हतं, कारण मधेच उतरणं शुभ नव्हतं. फोन काकूंच्या पर्समध्ये वाजत होता आणि हलगी त्याहून मोठ्याने वाजत होती. तिकडे गाडीत साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "फोनसुद्धा उचलत नाहीत. म्हणजे पक्कं ठरलंय." ड्रायव्हर रामप्रसादांचा पावणा होता, म्हणून हे वाक्य साहेबांच्या आधी मैदानात पोचलं.

ते ऐकून अजिनाथ सर स्टेजमागे एका खुर्चीवर बसले ते उठेचनात. मनिषा ड्युटी संपवून आली होती. तिने त्यांची नाडी धरली.

"मनिषा, मी आबांचं राजकारण संपवलं," सर म्हणाले. "सोमवारी तलवाडा."

"पाणी प्या आधी," ती म्हणाली.

साहेबांची गाडी आली. साहेब स्टेजवर चढले, त्यांनी एकदा त्या मोठ्या स्क्रीनकडे पाहिलं, आपण कुठेच नाही याची खात्री केली, आणि आबांना पारड्यातच मिठी मारली. मग माइक हातात घेतला. गहिनीनाथ आबा म्हणजे पक्षाचा कणा, असं ते म्हणाले. कण्याशिवाय शरीर कसं असतं हेही थोडं सांगितलं. आणि भाषण संपायच्या आत त्यांनी विजयमालाताईंचं झेडपीचं तिकीट जाहीर करून टाकलं.

मैदान उठून उभं राहिलं. आबा एकटे बसून होते, तराजूत, आणि त्यांना यातलं काही कळत नव्हतं. साहेब स्क्रीनकडेच बघत बोलत होते म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहिलं. डोक्यावरचं निळं आभाळ त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांची नजर गर्दीत अजिनाथ सरांना शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यावर बोलावणं आलं. सर रात्रभर ठरवत होते ते एकच. खरं सांगायचं, पाय धरायचे, आणि नांदूरघाटात राहू द्या म्हणायचं.

"आबा, माझी चूक झाली," त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "ती वरची रांग मी काढली न्हाई. लॅपटॉपची स्क्रीन उभट हाय अन एलईडीची भिंत लांबट हाय. त्याच्यामुळं वरचं कापलं गेलं."

आबांनी सरांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मग दार लावून घेतलं.

"सर, कमाल हाय तुमची!" ते हळू आवाजात म्हणाले. "कुनी इचारलं तर ह्येच सांगायचं. लॅपटॉप उभट, भिंत लांबट. साहेबाचा बाप आला तरी त्याला खोटं पाडता येणार न्हाई. दोन वर्सं झाली, मी तिकिटासाठी चकरा मारायलोय. अन तुमी एका फोटोत काम केलं. अन वरून हे कारण तयार!"

"कारण न्हाई आबा, खरंच तसं झालंय. ती स्क्रीन तीन-दोनची हाय. गणिताच्या सरांना इचारा."

"गणिताचे सर बी आपल्यातलेच का?" आबांनी कौतुकाने विचारलं.

सरांनी खुर्चीच्या हातावर बोटाने आधी लांबट चौकोन काढला, मग उभट. आबा त्या बोटाकडे पाहत मान डोलवत होते, पण डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"तलवाड्याच्या शाळेत रोज भांडण," ते म्हणाले. "दोन तट हायेत गावात. मुख्याध्यापक टिकंना. तिथं असा माणूस पाहिजे, जो काम करून नामानिराळा राहील. तुमाला मुख्याध्यापक करून धाडायलोय. बढती हाय, सर! सोमवारी रुजू व्हा."

अजिनाथ सरांनी हात जोडले. मनात होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं. "आबा, मला न्हाई जायचं. मला बढती नको. माझी बायको इथं हाय, मला तिच्याशिवाय करमत न्हाई."

आबांचे डोळे पाणावले. "बघा," ते म्हणाले, "आजकाल खुर्ची दिली तर माणूस देणाऱ्याचा हात बी ओढून घेतो. तुमी नको म्हणायलात. असाच माणूस पाहिजे मला." आणि त्यांनी सरांच्या देखत आदेशावर सही केली.

सर घरी आले तेव्हा दारात हार घेऊन रामप्रसाद उभे होते, आणि सुभद्राबाई शेजाऱ्यांना पेढे वाटत होत्या. पोरगा मुख्याध्यापक झाला एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. सर हारासकट आत गेले. मनिषा स्वयंपाकघरात भाकरी करत होती. तिने त्यांचं तोंड पाहिलं आणि तवा खाली उतरवला.

"तुमी खरं सांगितलं न्हाई का आबांला?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. तुझ्याबिगर करमत न्हाई हे बी सांगितलं."

"मग?"

"म्हणून तर धाडायलेत."

मनिषाने पदराने डोळे पुसले, परात सरांच्या पुढ्यात ओढली आणि पिठाचा डबा उघडला.

"तो हार काढा," ती म्हणाली, "अन हात धुऊन बसा. सोमवारच्या आत निदान दोन भाकरी तरी थापता आल्या पाहिजेत."